सात शिफारसपत्रं आणि तात्यांची विहीर

दिवेकर शाळेच्या ऑफिसात शिरले तेव्हा तात्या माझ्यासमोर बसले होते आणि आम्ही बाकं दुरुस्त करणाऱ्या सुताराबद्दल बोलत होतो. दिवेकरांनी सायकल भिंतीला टेकवली, चपला दाराबाहेर काढल्या आणि एक लांबट निळं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं.

"हेडसर, हे वाचा. कॉलेज विचारतंय, तुमची मुलगी नक्की कुठली?"

"कुठली म्हंजे? चिंचवडची," तात्या म्हणाले. "त्यात काय इचारायचं?"

"तात्या, तेच तर नडलंय," दिवेकर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

ही गोष्ट खरं म्हणजे माझी बायको कमल सांगायची. तात्यांचा आवाज ती हुबेहूब काढायची, आणि ऐकणारे हसले की मागे जाऊन पुन्हा एकदा काढायची. ती गेल्या वर्षी गेली. मला नक्कल येत नाही आणि माझा हातही सावकाश चालतो. तरी गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहितो आहे.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. पिंपरीला औषधांचा कारखाना नव्याने उभा राहिला होता आणि मी चिंचवडच्या एका लहानशा हायस्कूलचा मुख्याध्यापक होतो. तात्या आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष. जुने शेतकरी. त्यांचं एक वावर कारखान्यात गेलं होतं. "माझ्या भुईमुगाच्या जागी आता औषधं पिकत्यात," असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि ते सांगताना तक्रार कुठे संपते आणि अभिमान कुठे सुरू होतो ते कळायचं नाही.

दिवेकर त्या कारखान्यात जंतुशास्त्रज्ञ होते. बरीच वर्षं अमेरिकेत नोकरी करून आले होते. त्यांच्या नावामागे डॉक्टर लागायचं ते पीएच.डी.चं, पण आजूबाजूच्या गावांनी ते कधी मान्य केलं नाही. पार निघोज्याहून लोक तापाने फणफणलेली पोरं घेऊन त्यांच्या क्वार्टरपुढे बसत. दिवेकर प्रत्येकाला समजावून खऱ्या डॉक्टरकडे पाठवत. लोक म्हणत, डॉक्टर चांगला आहे, पण औषध देत नाही.

त्यांची मुलगी नलिनी. पाच वर्षांची असताना आईवडिलांबरोबर तिकडे गेली. आई तिकडेच वारली. इथल्या कारखान्याचं बोलावणं आलं तेव्हा दिवेकर मुलीला घेऊन परतले. ती आमच्या शाळेत दहावीला आली. त्या काळी एसएससी अकरावीला असायची, म्हणजे तिच्या हाती दोनच वर्षं होती. मराठी घरच्यासारखं बोलायची, पण लिहिता येत नव्हतं. म्हणून रोज शाळा सुटली की आमच्या घरी यायची आणि स्वयंपाकघरात कमलसमोर पाटी घेऊन बसायची. वर्षभरात ती बरं लिहू लागली. कमल मात्र तिच्याकडून सायकल शिकली आणि त्यावरून गल्लीत बरीच चर्चा झाली.

आता मुद्द्याकडे येतो. अमेरिकेत राहणाऱ्या परदेशी माणसाला तिथलं सरकार कायम राहण्याचा परवाना देतं. त्याला पर्मनंट रेसिडेंट म्हणतात. नागरिक नाही, पाहुणाही नाही. आज गल्लीतलं शेंबडं पोरही ग्रीन कार्ड म्हणतं. तेव्हा आम्ही नुसतं 'ते कार्ड' म्हणायचो आणि ते पाहिलेले आमच्यात एक दिवेकरच होते. अशा माणसाला काही काळ देशाबाहेर जायचं असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्यावं लागायचं. म्हणजे 'मी परत येणार आहे, माझी जागा ठेवा' असा कागद. तो वर्षभर चालायचा, आणि फार तर आणखी एक वर्ष वाढवून मिळायचा. दिवेकरांनी स्वतःचा कागद वाढवला नाही. मुलीचा मात्र वाढवून घेतला होता. तो येत्या ऑगस्टअखेरपर्यंत होता. त्याच्या आत ती तिथे पोचली नाही तर कार्ड गेलं. पुन्हा मिळवायचं तर भारतीयांसाठी वर्षाला अगदी थोड्या जागा होत्या आणि रांग लांब होती.

नलिनीला तिकडे जाऊन बापासारखंच जंतुशास्त्र शिकायचं होतं. दिवेकरांची अट एकच. कॉलेजची ॲडमिशन हातात आली तर जायचं, नाहीतर पुण्यात शिकायचं. सतरा वर्षांची मुलगी नुसत्या कार्डावर मी बोटीत बसवणार नाही, असं ते म्हणायचे.

म्हणून थंडीतच एका मुलींच्या कॉलेजला अर्ज गेला होता. त्यातलं शाळेचं काम माझ्याकडे. कॉलेजला ट्रान्सक्रिप्ट हवं होतं. म्हणजे मुलगी कुठल्या वर्षी काय शिकली आणि किती गुण मिळाले याचा उतारा. तिला दहावीत चौसष्ट टक्के होते आणि ती वर्गात पहिली होती. दिवेकर म्हणाले, "हेडसर, तिकडे चौसष्टवाल्याच्या बापाला शाळेत बोलावून घेऊन समजावतात." मग मी उताऱ्याखाली लिहिलं की आमच्याकडे साठाच्या वर फर्स्ट क्लास असतो आणि परीक्षक हात राखून गुण देतात. आमची शाळा अकरा वर्षांची आणि त्यांची बारा, हेही समजावलं. कॉलेजने दोन्ही गोष्टी निमूट मान्य केल्या. मला वाटलं, अवघड होतं ते झालं.

मग शिफारसपत्रं. कॉलेजने मागितली होती दोन. मुलीला जवळून ओळखणाऱ्यांची. दिवेकर इतकी वर्षं तिकडे राहिलेला माणूस, पण पुणे स्टेशनवर उतरल्यावर त्यांच्यातला इथला बाप जागा झाला. आपल्याकडे अर्जाला वजन लागतं. त्यांनी सात पत्रं जमवली. एक माझं. एक तात्यांचं, कमिटीचे अध्यक्ष म्हणून. एक कारखान्यातल्या साहेबांचं. एक रिटायर्ड मामलेदारांचं. एक पुण्याच्या वकिलांचं, एक प्राचार्यांचं. आणि एक चाकणच्या कांद्याच्या बड्या व्यापाऱ्याचं, ज्यांनी नलिनीला एका लग्नात जिलेबी वाढताना पाहिलं होतं.

सगळी पत्रं चांगली होती. आणि सगळ्यांचा शेवट एकच होता. उमेदवार शिक्षण पूर्ण करून मायदेशी परत येईल आणि देशाची सेवा करील. त्या काळात परदेशी जाणाऱ्याच्या कुठल्याही पत्राचा शेवट असाच व्हायचा. ते आम्ही ठरवून लिहीत नव्हतो. पत्राखाली सही करावी तसं ते वाक्य हातातून उतरायचं. देश नवा होता, कारखाने नवे होते आणि मुलाबद्दल याहून मोठं चांगलं बोलणं आम्हाला माहीत नव्हतं. दिवेकरांनी पालक म्हणून जोडलेल्या निवेदनातही तेच होतं.

ॲडमिशनच्या बाईंनी निळ्या पाकिटातून विचारलं होतं ते याबद्दलच. पत्र सभ्य होतं. मी तात्यांना मराठी करून सांगितलं. अर्जात मुलगी स्वतःला पर्मनंट रेसिडेंट म्हणते. म्हणजे तिचं कायमचं घर आमच्या देशात आहे. पण सोबतची सातही पत्रं आणि वडिलांचं निवेदन सांगतं की ती शिकून झाल्यावर भारतात परतणार. तसं असेल तर ती परदेशी विद्यार्थिनी ठरते. परदेशी विद्यार्थिनींना मदत देण्याच्या जागा यंदा भरल्या आहेत. ती नक्की कोण, ते कृपया लवकर कळवा.

"म्हंजे आपन चांगलं लिवलं, त्येच आडवं आलं व्हय?" तात्या म्हणाले.

"तसंच," दिवेकर म्हणाले.

"मग व्हऊ दे की परदेशी विद्यार्थिनी. हाय ते हाय."

दिवेकरांनी त्यांना समजावलं. परदेशी विद्यार्थिनी म्हणून जायचं तर आधी ते कार्ड सोडायचं. मग मुंबईच्या वकिलातीत स्टुडंट व्हिसा मागायचा. मग पूर्ण खर्चाची हमी डॉलरमध्ये द्यायची. परदेशी चलन त्या काळी सरकार चिमटीने द्यायचं, आणि बी.ए.बी.एस्सी.साठी जाणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवायचं. रेसिडेंट म्हणून गेली तर कॉलेज फी माफ करत होतं आणि राहण्याजेवणाच्या बदल्यात लॅबोरेटरीत काम देत होतं.

"मग सोपं आहे," मी म्हणालो. "दोनच पत्रं नव्याने पाठवू. ते वाक्य गाळून."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हे लक्षण चांगलं नसायचं.

"हेडमास्तर, पोरगी माघारी येनार न्हाई, ह्ये माज्याकडनं लिवून घेता?"

"येणार नाही असं लिहायचं नाही तात्या. येणार असंही लिहायचं नाही. त्याबद्दल काहीच लिहायचं नाही."

"येकदा लिवल्यालं आता खोडायचं, म्हंजे त्येच झालं की. कारखान्याला जिमीन दिली तवा सायबानं काय सांगितलं हुतं? देशाची औषधं हितं व्हनार. मंग देशाची पोरं तिकडं का?"

मी दिवेकरांकडे पाहिलं. ते त्यांना उत्तर देतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तात्यांचं चूक नाही. मीसुद्धा नव्या निवेदनावर नाही सही करणार. तिकडची चांगली नोकरी सोडून आलोय मी. नुसतं बोलावणं आलं म्हणून नाही आलो, यावंसं वाटलं म्हणून आलो. आणि आता माझ्या मुलीचं घर तिकडे आहे असं मी लिहून देऊ? राहू दे. पुण्याला कॉलेजं काय कमी आहेत?"

त्यांनी पाकीट खिशात घातलं आणि सायकल घेऊन गेले. तात्याही उठले. सुताराचं तसंच राहिलं.

संध्याकाळी मी हे कमलला सांगितलं. नलिनी आतच होती, पण तिची पाटी वाजत नव्हती, म्हणजे ती ऐकत होती. कमलने भाजी चिरता चिरता विचारलं, "अहो, सात जणांनी लिहिलं, बापाने लिहिलं. त्या पोरीला कुणी विचारलं का, तू येणार आहेस की नाही?"

"अर्ज तिनेच भरलाय."

"अर्ज भरलाय हो. पण ते वाक्य तिचं होतं का?"

मी म्हणालो, नव्हतं.

"मग बोलवा दोघांना उद्या चहाला. आणि तिला बसवा मधे."

दुसऱ्या दिवशी तात्या आले ते धुवट धोतर नेसून, कमिटीची मीटिंग असावी तसे. दिवेकर ड्यूटीवरून थेट आले. कमलने चहा दिला आणि ती दाराशी उभी राहिली. नलिनी सतरंजीवर बसली. थोडा वेळ सुताराबद्दल बोलणं झालं, कारण सुरुवात कुणी करायची ते ठरत नव्हतं. शेवटी मीच विचारलं, "नलिनी, शिकून झाल्यावर तू काय करणार?"

ती म्हणाली, "सर, मला माहीत नाही. आत्ता मला तिथे राहायचंय. शिकायचंय, मग तिथल्या एखाद्या लॅबमध्ये काम करायचंय. आई तिथे आहे असं मला अजून वाटतं. पुढचं मला प्रॉमिस नाही करता येत."

"आगं, पन माघारी तर येशील?" तात्या म्हणाले.

"येईनही तात्या. पण लिहून दिलं आणि नाही आले, तर तुम्ही खोटे पडाल. तुमची सही आहे."

तात्यांना हे सुचलं नसावं. त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो तसाच धरून ठेवला.

"नलू," दिवेकर म्हणाले, "प्रश्न सहीचा नाही. माणसाने कुठला आहोत ते विसरू नये, एवढंच आहे."

"बाबा, तुम्ही तिकडे गेलात तेव्हा कुणाला लिहून दिलं होतं? की मी परत येईन म्हणून?"

"मी?"

"हो. कुणाला?"

"नाही," दिवेकर म्हणाले. "तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. कुणाला लिहून देणार?"

"तरी आलात ना."

दिवेकरांच्या चहावर साय धरली होती. तात्यांनी बशीतला चहा एका दमात पिऊन टाकला आणि म्हणाले, "दिवेकर, पोरगी वकील व्हनार बगा. उगा औषधात घालवू नगा."

कमल हसली, मग नलिनी हसली. दिवेकर हसले नाहीत, पण म्हणाले, "पेन द्या, हेडसर."

त्यांनी आमच्या घरीच दोन ओळींचं निवेदन लिहिलं. मी माझ्या इच्छेने भारतात परतलो. माझ्या मुलीचं घर अमेरिकेत आहे, ती माझ्याबरोबर दोन वर्षं राहायला आली होती. सही करताना त्यांनी पेन दोनदा झटकलं. शाई व्यवस्थित येत होती.

राहिली पत्रं. माझं मी लिहिलं. दुसरं वर्गशिक्षकांचं घ्यावं असा माझा विचार होता. तात्या म्हणाले, "आमचं काय वाईट हाय?"

"तात्या, त्यांना तुम्ही स्वतः पाहिलेलं हवंय. नुसती चांगली मुलगी, होतकरू मुलगी, असं नको."

"पाह्यलंय की. इहिरीचं लिवा."

विहिरीचं असं झालं होतं. आदल्या पावसाळ्यात तात्यांच्या मळ्यावरची गड्यांची पोरं जुलाबाने आजारी पडली. नलिनीने तिथल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरलं आणि वडिलांच्या मायक्रोस्कोपखाली पाहिलं. मग ती तात्यांना घेऊन दिवेकरांच्या क्वार्टरवर गेली आणि म्हणाली, तुम्हीच बघा. तात्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. मग दुसरा मिटून पाहिलं. त्यानंतर गुरं विहिरीच्या काठाशी पाणी पीत ती जागा त्यांनी लांब हलवली, कठडा बांधला आणि विहिरीत औषध टाकून घेतलं. गावातले चार जण म्हणाले, पोरीच्या सांगण्यावरून म्हातारा विहिरी बांधत सुटला. तात्यांनी त्यांनाही क्वार्टरवर नेऊन दाखवलं.

त्यांनी सांगितलं तसं मी लिहून घेतलं, मग इंग्रजी केलं. इंग्रजी करताना मी एक ओळ गाळायला निघालो होतो. तात्यांनी ती पुन्हा म्हणायला लावली. "त्या काचंतनं बगितलं आन आठ दिस मी पानी प्यालो न्हाई, ताकच प्यालो." ती मी जशीच्या तशी घातली. पत्राचा शेवट करायची वेळ आली तेव्हा ते सवयीने म्हणाले, "आन ही मुलगी..." आणि थांबले. "ऱ्हाऊ द्या. हितंच सही घ्या."

पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी टायपिस्टकडून तिन्ही कागद टाइप करून घेतले. नलिनीने स्वतःचं एक पत्र हाताने लिहिलं. ते तिने कुणालाच दाखवलं नाही आणि आम्ही मागितलंही नाही. सगळं एअरमेलने गेलं.

मग वाट पाहणं. एसएससीची परीक्षा झाली. आंबे येऊन गेले. दिवेकर रोज पोस्टमनला फाटकात गाठायचे. कारखान्यात कुणीतरी उठवलं की दिवेकरांनाच अमेरिकेचं बोलावणं येतंय, आणि त्यांची जागा कुणाला मिळणार यावर पैजाही लागल्या. उत्तर आलं ते तात्यांच्या हाती पडलं, कारण ते शाळेच्या पत्त्यावर आलं होतं आणि तात्या सुताराशी भांडायला आले होते. त्यांनी पाकीट उघडलं नाही. धोतराचा सोगा सावरत ते भर उन्हात कारखान्याच्या गेटपर्यंत चालत गेले आणि दिवेकरांना बाहेर बोलावलं. वॉचमनला वाटलं, पुन्हा कुणाचं पोर तापाने आजारी आहे.

ॲडमिशन मिळाली होती. पर्मनंट रेसिडेंट म्हणून, फी माफीसह. बाईंनी खाली हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या. अध्यक्षांचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं. विहिरीचं पाणी आता कसं आहे?

तात्यांनी याला उत्तर पाठवायलाच लावलं. पाणी चांगलं आहे, आपण आलात तर पाजू, असं ते उत्तर होतं.

निकाल लागला आणि नलिनी जुलैत बोटीने गेली. ऑगस्ट संपायच्या आत न्यूयॉर्कला पोचली. तिथल्या अधिकाऱ्याने परमिट पाहिलं, शिक्का मारला आणि तो 'वेलकम होम' म्हणाला, असं तिने कमलला लिहिलं. कमलने ते पत्र दिवेकरांना वाचून दाखवताना ती ओळ वगळली. मला वाटतं नलिनीने दिवेकरांनाही ती कळवली असणार, पण तो विषय आमच्यात कधी निघाला नाही.

नलिनी तिकडेच राहिली. लग्न केलं, नोकरी केली, दोन-तीन वर्षांनी महिनाभर येऊन जायची. दिवेकर शेवटपर्यंत पिंपरीला राहिले. त्यांना कुणी विचारलं की मुलगी परत कधी येणार, तर ते म्हणायचे, "तिने तसं काही लिहून दिलेलं नाही." बोलताना त्यांचा चेहरा अगदी सरळ असायचा.

त्यानंतर मी मुख्याध्यापक म्हणून बरीच शिफारसपत्रं लिहिली. एक नियम पाळला. मुलाने काय केलं आणि मी काय पाहिलं तेवढं लिहायचं. पुढे तो काय करील ते त्याच्यावर सोडायचं, कारण तिथे माझी सही चालत नाही. तात्यांना हा नियम कधी पटला नाही. अकरावीच्या निरोपसमारंभात ते दर वर्षी उभे राहून प्रत्येक पोराकडून गावाला न विसरण्याचं वचन घ्यायचे, आणि पेढा हातात असल्यामुळे पोरंही ते बिनदिक्कत द्यायची. मी बाजूला बसून ऐकायचो. लिहून मात्र तात्यांनी कुणाकडूनच घेतलं नाही.